टेटूच्या मोळीपायी कोल्हापूर

कोल्हापूरला माणसं देवीला जातात, चपला घ्यायला जातात, तांबडा-पांढरा ओरपायला जातात. मी गेले ती फोनवर शिव्या खाऊन.

शिव्या खाण्यासारखं मी काय केलं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच शूरवीर समजणार नाही. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्याच्या लाकडातून कॅन्सरवरच्या औषधाचा कच्चा माल निघतो, म्हणून ते चोरून तोडतात आणि बाहेर पाठवतात. आमची संघटना त्याविरुद्ध पत्रकं काढते. ती लिहायचं काम माझं. ‘नरक्या ओळखा, नरक्या वाचवा’ या पत्रकात मी पाच खुणा दिल्या होत्या: करडी साल, सालीवर पुटकुळ्या, फांदीवर गळलेल्या पानांचे वण, आत पिवळट लाकूड आणि उग्र वास. चौकटीत खाली एक ओळ रिकामी राहत होती. ती भरायला मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘यांपैकी तीन खुणा जुळल्या तर तो नरक्या समजावा.’ हे मी यवतमाळला पंख्याखाली बसून लिहिलं. तोवर मी नरक्याचं झाड पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

पत्रकाच्या तळाशी माझा मोबाईल नंबर होता. त्यावर डिसेंबरात फोन आला.

“तुमीच का त्या कागदवाल्या?”

“हो, बोला.”

“काय बोलू? तुमचा कागद बघून फारेस्टवाल्यांनी आमच्या आईला धरलंय. टेटूची मोळी हुती तिची. नरक्या हाय म्हंत्यात. आता या हिकडं आन् सांगा त्यास्नी.”

मधल्या शिव्या गाळल्या आहेत. बोलणारा प्रकाश, कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका वाडीचा. त्याची आई आनसाक्का, झाडपाल्याचं औषध देणारी. वाडीचं नाव लिहू नको असं आनसाक्कानंच बजावलंय, म्हणून लिहीत नाही.

शाहूपुरी

सकाळी कोल्हापुरात उतरले आणि तडक शाहूपुरीतल्या एका जडीबुटीच्या दुकानात गेले. आनसाक्का कित्येक वर्षं इथेच टेटूच्या फांद्या आणून घालते. दशमुळातल्या दहा वनस्पतींपैकी टेटू एक. बाळंतिणीच्या काढ्याला लागतो. दुकानदारानं एवढंच लिहून द्यायचं होतं की ही बाई आम्हाला टेटू पुरवते. पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं.

आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, चहा घेता का. इथे विचारत नाहीत, पुढ्यात ठेवतात आणि तुम्ही नको म्हणालात तर भांडतात. चहा झाला, दुसरा झाला. दुकानदार गोड माणूस. आनसाक्काचं कौतुक करता करता त्याचं तोंड दुखेना.

“तिचा माल मी सोडून बी बघत न्हाय, पावणं. डोळं मिटून घेतो.”

“मग तेवढंच लिहून द्या.”

“लिवून?” त्यानं कप खाली ठेवला. “तोंडानं कवाबी सांगतो की. लिवून कसं देणार? उद्या फारेस्टवालं माज्याच गोदामात आलं म्हंजे?”

मागे पोत्यांची रांग होती. मी दोन पोत्यांत हात घातला. एकावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, आतल्या काटक्या मला तरी सारख्याच. विचारलं, हे वेगळं कसं ओळखता?

“वाळल्यावर सगळी लाकडं भाऊभाऊ,” तो हसून म्हणाला. “आणणारा माणूस वळखायचा.”

म्हणजे बघा. ज्या माणसावर याचा सगळा धंदा उभा, त्या माणसासाठी चार ओळी लिहायला याचा हात उठत नाही! मी तिथे जे बोलले ते पत्रकाच्या भाषेत बोलले, आणि ते त्याला बिलकुल लागलं नाही. निघताना त्यानं मला खडीसाखरेची पुडी दिली. ती रागानं एसटी स्टँडवर खाऊन टाकली.

वाडी

दुसऱ्या दिवशी डोंगराकडच्या एसटीत बसले. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी कशीबशी सरकत होती आणि गुऱ्हाळांतून उकळत्या रसाचा वास खिडकीतून आत येत होता. आमच्याकडे या दिवसांत कापूस असतो, आणि त्याला कसला वासच नसतो. ऊस संपला, चढ लागला, हवा गार झाली. फाट्यावर उतरले तर वरच्या बांधावरून हाक आली, “कुणाच्यात आलाय?” आमच्या वऱ्हाडात आधी पाणी आणि मग चौकशी. इथे चौकशी आधी, तीही शेताच्या पलीकडून ओरडून. मी आनसाक्काचं नाव सांगितलं तेव्हा तीच म्हणाली, “मग मीच की. ये वर.”

साठीच्या पुढची, बारीक, टोपपदराचं नऊवारी लुगडं. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आढ्याला वाळत घातलेल्या साली. नाचणीची भाकरी, झुणका आणि खर्डा. खर्डा म्हणजे आपला ठेचाच, असं मी म्हटलं आणि एक मोठा घास घेतला. आपला ठेचा नव्हता तो. मी पाणी पीत होते आणि प्रकाश, दूध संघाच्या गाडीवर काम करणारा तिशीचा गडी, पहिल्यांदाच हसत होता.

मग तो मुद्द्यावर आला. आईला त्याच दिवशी घरी सोडलं होतं, मोळी मात्र वनखात्याच्या कचेरीत जप्त होती. “कचेरीत सई केली की मिटतंय. ‘नरक्या तोडला, चुकी झाली’ एवढंच लिवायचं. न्हायतर शुक्रवारनंतर कोर्टात धाडणार. आये, कर की सई आन् सोड.”

“न्हाय करत.”

“का पर?”

“आरं, मी नरक्याला टेटू समजले आसं लिवून दिलं तर उद्या माज्या हातचा काढा कोन पिईल?” तिचा आवाज चढला नाही. “बाळंतिणीच्या घरात जाते मी. वळख चुकली तर बाई मरंल. मला वळखता येत न्हाय ह्ये मीच लिवून द्यू?”

मला वाटलं होतं प्रकरण मोळीचं आहे. ते त्याहून वाईट होतं. सही केली असती तर मोळी गेली असती आणि बाई सुटली असती, पण तिचं आयुष्यभराचं ओळखणं खोटं ठरलं असतं. आणि हे सगळं माझ्या एका रिकाम्या ओळीपायी.

मी पत्रक काढून तिला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली, मग उठली आणि परसातून एक वाळकी फांदी घेऊन आली.

“बघ तुज्या खुना लावून.”

करडी साल. जुळली. पानांचे वण. जुळले. मोडून पाहिली, आत पिवळट. तीन झाल्या.

“नरक्या,” मी चाचरत म्हणाले.

“शेवगा हाय त्यो. आमटीत घालता न्हाय का तुमी?” आनसाक्का म्हणाली. प्रकाश मांडीवर थाप मारून हसला. ती हसली नाही. “आता गावातल्या समद्यास्नीच धरा म्हनावं.”

दुपारी तिनं मला बांधावर नेलं. तिथे तिचे स्वतःचे टेटू होते, पानं झडलेले, वर तलवारीसारख्या लांबलचक शेंगा लोंबणारे. मी कधी शेंगेबद्दल लिहिलं नव्हतं, कारण जप्तीच्या मोळीला शेंग नसते. पण मग फांदीला काय असतं, हे तरी कुठे विचारलं होतं? लोक मूळ उपटून विकतात. ती बाजूची फांदीच घेते, म्हणून झाडं उभी होती. झाड वाचवायची अक्कल पत्रकाआधी तिच्या विळ्यात होती.

तिनं नखानं साल खरवडली. वरचा थर बुचासारखा, भुगा होणारा. खाली पिवळंजर्द. “थांब जरा,” म्हणाली. आम्ही बोलत राहिलो आणि ते पिवळं माझ्यासमोर हिरवट झालं.

“पण वाळलेल्या मोळीत हे कसं दिसणार?” मी विचारलं.

“वाळल्याव डोळं बघायचं. तुमच्याकडं ऊस न्हाय?”

“थोडा आहे.”

“मग उसाचा डोळा ठावं आसंल. जितनं फुटवा येतो त्यो. उसाचं डोळं कसं? येक हिकडं, येक तिकडं. समोरासमोर कदी नसत्यात. नरक्याचं बी तसंच, येकाआड येक. टेटूचं जोडीनं, समोरासमोर, आन् वण ह्यो येवढा.” तिनं अंगठा लावला, वण अंगठ्याएवढा होता. “वाळूं दे, भिजूं दे, डोळं हालत न्हाईत.”

इतकं सोपं! माझ्या पाच खुणांत हे नव्हतं. पानांचे वण आहेत एवढंच लिहिलं होतं. ते कसे आहेत हे नव्हतं लिहिलं. वण कुठल्या झाडाला नसतात?

कचेरी

तिसऱ्या दिवशी वनखात्याच्या कचेरीत. साहेब चाळिशीचे, सभ्य, आवाज न चढवणारे. त्यांनी खणातून आमचं पत्रक काढलं. त्याचं लॅमिनेशन केलेलं होतं. लॅमिनेशन!

“मॅडम, हे तुमचंच ना?”

“हो.”

“मग तक्रार कुणाविरुद्ध आहे?”

मी दहा मिनिटं बोलले. आदिवासी, दलित, वनहक्क, ज्ञानाची लूट, सगळं काढलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर दोन वाळलेली लाकडं ठेवली. “एक या बाईंच्या मोळीतलं, एक जुन्या जप्तीतल्या खऱ्या नरक्याचं. तुम्ही ओळखा.”

काल शिकलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी दोन्ही हुंगली, वजन केलं, घाम पुसला. दारात उभा असलेला गार्ड, ज्यानं आनसाक्काला फाट्यावर अडवलं होतं, तो खाली बघत होता. त्याच्याच सुनेच्या बाळंतपणात काढा आनसाक्काकडून गेला होता, हे मला प्रकाशनं सांगितलं होतं. आणि ती अजून दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलेलं नव्हतं. तिच्या हातचं औषध चालतं, तिच्या तोंडचा शब्द चालत नाही.

“साहेब,” तीच म्हणाली, “तुमच्यात ऊस हाय?”

“आहे की. का?”

मग तिनं डोळ्यांचं सांगितलं. साहेबांनी चष्मा वर केला, पहिलं लाकूड फिरवलं: दोन मोठे वण, समोरासमोर. दुसरं फिरवलं: एक इकडे, एक तिकडे. त्यांचा चेहरा उजळला, शाळेत गणित सुटल्यासारखा. उसाच्या घरचा माणूस तो, लगेच कळलं त्याला. “अरे, सोपं आहे हे,” म्हणत त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या जप्तीच्या ढिगातून आणखी एक काठी ओढली. “म्हणजे हा बघा, हा नरक्या, याचे डोळे...”

आणि थांबले.

“ह्ये तर समोरासमोर हाय की,” गार्डच्या तोंडून निघून गेलं.

आनसाक्का पुढे झाली. काठीची साल दातानं सोलली, जिभेच्या टोकावर ठेवली, दारातून बाहेर जाऊन थुंकली. “पांढरा कुडा. कडू जहर. टेटू आसता तर वण मोठा आसता.”

“कुणाची केस?” साहेबांनी विचारलं.

“कुरुंदवाडचा म्हशीवाला, साहेब. गेल्या साली.” गार्डचा आवाज बारीक झाला. “त्यानं सही केली. गुन्हा कबूल. केस बंद.”

तारीख बघितली. आमचं पत्रक वनखात्याच्या तपासणी नाक्यावर चिकटवल्यानंतरची होती.

साहेब बराच वेळ काठी फिरवत होते. “मला दिसतंय,” शेवटी म्हणाले. “पण ‘दिसतंय’ असा रकाना नसतो. तुम्ही असं करा, पत्रकातली खूण चुकीची आहे असं संस्थेतर्फे लिहून द्या. त्या आधारावर मोळी आजच सोडतो.”

मी बाहेर येऊन संघटनेतल्या आमच्या ज्येष्ठांना फोन केला. ते म्हणाले, लेखी काही देऊ नकोस, चळवळीची बदनामी होईल, आपण वरून बोलू. शाहूपुरीतल्या दुकानदारानं यांचा आवाज घेतला होता की यांनी त्याचा, मला कळेना. मी फोन ठेवला आणि लिहिलं. चूक माझी, ओळ माझी, तीन खुणांनी कुठलंही झाड ओळखता येत नाही. खाली दुसरा परिच्छेद: याच चुकीनं कुरुंदवाडच्या एका गरीब, अडाणी माणसावर खोटा गुन्हा लागला असावा.

साहेबांनी वाचलं. “पहिला परिच्छेद छान आहे. दुसरा काढा. बंद केस उघडायला मला वर उत्तर द्यावं लागतं.”

“नाही काढला तर?”

“तर मोळी इथेच राहील. कोर्टात बघू.”

खरं सांगते, माझं पेन त्या परिच्छेदावर पोचलं होतं. म्हटलं, आधी बाई सुटू दे. आनसाक्कानं माझं मनगट धरलं.

“काय खोडतीस? वाच.”

मी वाचून दाखवलं.

“ह्ये खोडलं की मोळी मिळती व्हय?”

“लगेच,” साहेब म्हणाले.

“मग ऱ्हाऊं द्या मोळी.” ती साहेबांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. “खोटं लिवायचं न्हाय म्हनून मी सई केली न्हाय. आता हिच्या हातनं लिवून घिऊ? त्यो कुडा हाय. मी म्हंतोय कुडा हाय.”

बाईमाणूस ‘म्हंतोय’ म्हणते तेव्हा चमकू नका. इकडच्या बाया अशाच ठसक्यात बोलतात.

साहेब वैतागून म्हणाले, “ठीक आहे. त्या माणसाचं लेखी आणा. मोळीत काय होतं हे त्यानं स्वतःहून सांगायला हवं, तुम्ही सुचवायचं नाही. गार्ड सोबत येईल. तो म्हणाला कुडा, तर दोन्ही प्रकरणं मी सहीनिशी वर पाठवतो आणि मोळी सोडतो. तो म्हणाला नरक्या, तर या बाईंना ओळखता येत नाही असं मी लिहीन.”

वाळक्या सालीची जिभेच्या टोकावरची एक चव, आणि त्यावर बाईची सगळी पत! मी माझ्या अर्जावर तो मिळाल्याचा, आवकचा शिक्का मारून घेतला, तेवढं मला येतं, आणि निघाले.

कुरुंदवाड

चौथ्या दिवशी गार्ड आणि मी. तो वर्दीत आला. मी म्हटलं, साध्या कपड्यांत या ना. म्हणाला, “ड्यूटी हाय, मॅडम.” नृसिंहवाडीला गाडी भरली, दत्ताचे भक्त, हातात पेढ्यांचे पुडे, अंगाला नदीचा ओलावा. गार्डनं मला कवठाची बर्फी घेऊन दिली. आंबटगोड, चांगली होती, आणि चांगली लागली याचाही मला राग आला. वाटेत तो एकदाच बोलला. “मॅडम, तीन जुळल्या तर समजावा, आसं छापलंय. मी काय करनार हुतो?”



म्हशीवाले आण्णा गावाबाहेर गोठ्यात भेटले. धिप्पाड, पांढऱ्या मिशा, गुडघ्यापर्यंत शेणाचे पाय. मला पाहून “या पावणं” म्हणाले. मग माझ्यामागची खाकी वर्दी दिसली. हातातली बादली खाली गेली.

“आण्णा, गेल्या वर्षी तुमची मोळी धरली होती. काय होतं त्यात?” मी विचारलं.

“नरक्या,” ते लगेच म्हणाले. “नरक्याच हुता साहेब. सई केलीया की मी. आता काय ऱ्हायलं?”

मला ओरडायचं होतं, अहो कुडा होता ना! सुचवायचं नाही अशी अट होती. त्याच वर्दीसमोर माणूस दुसऱ्यांदा तेच खोटं बोलत होता, आणि त्या खोट्यावर तिकडे डोंगरात एका बाईचं नाव बुडणार होतं.

गार्डनं टोपी काढली. एका उलट्या घमेल्यावर बसला, आण्णांपेक्षा खाली.

“आण्णा, मी केसपायी आलो न्हाय. मला येवढंच सांगा, त्या मोळीचं तुमी काय करनार हुता?”

“म्हशीस्नी.”

“काय झालतं म्हशीस्नी?”

“दोन रेडकं हगवणीनं पडलीती.” आण्णा वर्दीकडे न बघता बोलत होते. “म्हनून पांढरा कुडा आनाय गेलतो डोंगराला. आमच्याकडं काळाच गावतो, त्यो तसा कडू न्हाय. त्यो चालत न्हाय.”

गार्ड माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. मी पाठीवरची पिशवी काढली आणि जबाब लिहायला बसले. लिहून वाचून दाखवलं: मी कुरुंदवाडचा एक गरीब, अडाणी पशुपालक...

“थांबा. गरीब कोन?”

“म्हणजे... तुम्ही.”

“बारा म्हशी हैत माज्या. आन् अडाणी? कुडा काळा का पांढरा, तुमास्नी सांगता येतंय?”

“नाही.”

“मग खोडा त्ये.”

मी खोडलं. पत्रक लिहायला लागल्यापासून हे दोन शब्द माझ्या हाताला इतके सवयीचे झालेत की माणूस समोर उभा असताना मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

“मग काय लिहू? सही का केली?”

आण्णांनी बादली उचलली, परत ठेवली. गोठ्यात एक म्हैस हंबरली. त्यांनी पहिल्यांदाच गार्डच्या तोंडाकडे नीट बघितलं.

“लिवा. मोळीत पांढरा कुडा हुता आन् त्ये मला ठावं हुतं. मी घाबरलो. ह्या गार्डाला घाबरलो म्हनून सई केली.”

मी पेन धरून गार्डकडे पाहिलं. तो घमेल्यावर तसाच बसला होता, टोपी मांडीवर.

“लिवा की मॅडम,” तो म्हणाला. “म्हंत्यात तसंच लिवा.”